भीती मोजणाऱ्या बाई

आमच्या बाई पालीला घाबरत. पाल भिंतीवर दिसली की घाबरत, हे समजण्यासारखं आहे. पण पाल भिंतीवर नसली की त्याहून जास्त घाबरत. कारण मग ती आहे कुठे? कुकरच्या शिट्टीला घाबरत, आणि शिट्टी व्हायला उशीर झाला तर स्वयंपाकघर सोडून अंगणात जाऊन उभ्या राहत. लिफ्टला घाबरत. अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला घाबरत, आणि ओळखीच्या नंबरवरून अवेळी आलेल्या फोनला तर इतक्या, की तो घेतच नसत. केळव्याला एका सुपारीच्या वाडीत त्या भाड्यानं राहायच्या. वाडीवाला सुपाऱ्या उतरवायला झाडावर चढला आणि एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसरा शेंडा धरू लागला, की बाई घरात जाऊन खिडक्या लावून घेत. त्याला काही झालं तर ते दिसायला नको म्हणून.

आणि अशा या बाईंचा धंदा काय, तर लोकांची भीती मोजणं.

ही गोष्ट सांगताना इथवर आलो की लोक हसतात. हसा. मीही हसायचो. तोवर बाईंनी मला प्रश्न विचारले नव्हते.

मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी चाचण्या तयार केल्या. म्हणजे त्या छापील कागदांच्या: एक वाक्य, आणि पुढे चार चौकोन. कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. अशा चाचणीला त्या ‘पट्टी’ म्हणत. मुलांचा हट्ट मोजायची पट्टी, शिक्षकांची चिकाटी मोजायची पट्टी, लग्नाळू मुलांची घाई मोजायची पट्टी. एकदा त्यांनी सासवांची सहनशीलता मोजायला घेतली होती. ती मध्येच सोडावी लागली.

“सासवांनी स्वतः भरलेल्या कागदात प्रत्येकीला पैकीच्या पैकी,” बाई सांगत, “आणि त्याच सासवांबद्दल सुनांनी भरलेल्या कागदात प्रत्येकीला शून्य. एवढी फाटकी पट्टी मी जन्मात केली नव्हती.”

भीतीचा विषय मात्र त्यांनी राखून ठेवला होता. “घाबरटानंच भीतीची पट्टी करावी,” त्या म्हणत. “ज्याला गोड आवडत नाही त्यानं श्रीखंडाची चव बघायला बसू नये.”

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कंपनीत कामगार-अधिकारी. बाई पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आल्या तेव्हा दारात थांबून आधी त्यांनी बाहेर जायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते विचारलं. तो नाही म्हटल्यावर खिडकी उघडायला लावली. मग खिडकीशेजारच्या खुर्चीवर बसल्या, चष्म्याच्या जाड भिंगांतून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही खोटं बोलता?”

“छे, कधीच नाही.”

“झालं एक,” बाई समाधानानं म्हणाल्या. “अहो अधिकारी, प्रत्येक चाचणीत खोटारडे पकडायला चार वाक्यं पेरलेली असतात. ‘चहाला उशीर झाला म्हणून मी कधीही चिडलो नाही.’ ‘मी दुसऱ्याच्या ताटाकडे कधीही पाहिलं नाही.’ यांना जो छातीठोक हो म्हणतो, त्याचा बाकीचा कागद मी जरा लांब धरून वाचते.”

तेव्हापासून त्या माझं प्रत्येक बोलणं जरा लांब धरूनच ऐकत.

पण खरा कहर त्यांच्या आवाजात होता. बाई प्रश्न विचारत तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली जाई. शेजारच्या खोलीत कोणी आजारी निजलं आहे असा. नमुना म्हणून त्यांनी माझ्यावरच काही वाक्यं चालवून पाहिली. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, पंखा चालू. बाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “घरात दुसरं कोणी नसताना, वरच्या मजल्यावर कोणीतरी चालल्याचा आवाज येतो. कधीच नाही? कधीकधी? बऱ्याचदा?”

मी ऐटीत ‘कधीच नाही’ म्हटलं. बोईसरचं आमचं घर बैठं आहे. त्याला वरचा मजलाच नाही. आणि तरी, खरं सांगतो, त्या रविवारी बायको माहेरी गेलेली असताना मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, आणि वर कोणीतरी चाललं. मी रस्त्यावर जाऊन शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिलो, बायको परत येईपर्यंत.

पंधरवड्यानं बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांची पद्धतच ती. एकदा मोजलेलं त्या मानत नसत. “वजनकाट्यावर दोनदा चढायचं. दोन्ही वेळा तोच आकडा आला, तर काटा विश्वासाचा.” मी या वेळी ‘बऱ्याचदा’ म्हणालो. बाईंनी मान हलवली. “पट्टी बिघडली का माणूस बिघडला, हे शोधायला हवं,” त्या स्वतःशी म्हणाल्या. मला मात्र ठाऊक होतं.

आता बाई आमच्याकडे का आल्या, ते सांगतो.

शेजारच्या एका कारखान्यात वायू सुटला होता. पिवळट ढग कुंपणावरून आमच्याकडे सरकताना दिसला आणि आमची माणसं हातातलं काम टाकून पळाली. त्यात एक मोठं भांडं वाफेवर तसंच राहिलं. आतलं रसायन तापत गेलं. कोणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं म्हणून, नाहीतर शेजारच्या ढगाऐवजी आमच्याच भांड्यानं आम्हांला नेलं असतं. प्लँटच्या मोठ्या साहेबांनी त्यातून एकच धडा घेतला. त्यांनी बाईंना समोर बसवलं.

“मॅडम, घाबरट माणूस मला प्लँटवर नको. एक पळतो आणि शंभर मारतो. तुम्ही मोजून द्या. वरचे दहा घरी.”

“घरी म्हणजे?”

“घरी म्हणजे घरी. कंत्राटी आहेत ते.”

साहेबांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट कडेला होता, तो बाईंनी आधी मध्ये सरकवला. मग म्हणाल्या, “पट्टी मी करून देते. पण ती खरी ठरल्याशिवाय माझी सही नाही. आणि माझी सही झाल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.”

“खरी ठरल्याचं कळणार कसं?”

“पट्टी ज्याला घाबरट म्हणते तो पळतो, ज्याला म्हणत नाही तो पळत नाही, असं डोळ्यांना दिसलं की.”

“दिसेल,” साहेब म्हणाले. “मंजूर.”

झालं. बाई रोज सकाळी केळव्याहून एसटीनं पालघर, तिथून बोईसर, आणि तिथून रिक्षानं, डोळे मिटून, कारखान्याच्या गेटावर येऊ लागल्या. गळ्यात एक शिट्टी, पिशवीत ओला नॅपकिन आणि जोडीला कोरडा नॅपकिन. गेटावरच्या वाऱ्याच्या पिशवीकडे, म्हणजे ती वारा कुठून येतो ते दाखवणारी नारिंगी पिशवी असते तिच्याकडे, बघितल्याशिवाय त्या आत पाऊल टाकत नसत. आमचा सुरक्षा-अधिकारीही रोज तिच्याकडे बघत नसे.

वाक्यं गोळा करायला त्या कुंभवलीच्या नाक्यावर चहाच्या टपरीशी बसत, कँटीनमध्ये बसत. माणूस कशाला घाबरतो ते त्याच्याच शब्दांत टिपायचं, मग त्याची वाक्यं करायची, ती पुन्हा त्यालाच वाचायला द्यायची. पहिल्याच खेपेला घोळ झाला. ‘विनाकारण छातीत धडधडतं’ या वाक्यापुढे एका खात्यातल्या झाडून सगळ्यांनी ‘नेहमी’वर खूण केली. बाई हादरल्या. एवढी भेदरलेली माणसं एका छपराखाली! त्यांनी त्यातल्या एकाला बोलावलं.

तो म्हणाला, “धडधडतं ना बाई. पन विनाकारण नाय. बाजूला कंप्रेसर हाय.”

बाईंनी ते वाक्य जड मनानं काढलं. एका उत्तरेकडच्या फिटरनं तर कागद न भरताच परत दिला. “मैडम, डरने का टाइम किधर है? बारा घंटे का ड्यूटी है.” बाईंनी त्याला ‘सुट्टीच्या दिवशी’ असं लिहून दुसरा कागद दिला.

या सगळ्या मंडळींत एक जनार्दन होता. नवापूरचा, मच्छीमाराच्या घरातला. रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. रिअ‍ॅक्टर म्हणजे ते रसायन शिजवायचं बंद भांडं. हा माणूस प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करी, चार पावलं जाई, परत येऊन हात लावून बघे. लोक त्याला ‘भागूबाई’ म्हणत. मागून जाऊन त्याच्या कानाशी “जना, फुटला रे!” असं ओरडणं हा त्या खात्यातला रोजचा खेळ होता. त्यात पुढे विलास नावाचा दुसरा ऑपरेटर. छाती काढून चालणारा, झाकण उघडून वासावरून माल ओळखणारा.

बाई माझ्यासोबत नवापूरला जनार्दनच्या घरीही गेल्या. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते घरच्यांकडून ताडून बघायचं, हा त्यांचा नेम. त्याची बायको वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपाशी उभी होती.

“घाबरतात का हो हे?” बाईंनी विचारलं.

ती हसायलाच लागली. “बाय, त्याचा आजा होडीवर, बापूस होडीवर, भाऊस होडीवर. नि हा कंपनीत. का? तर दर्याला घाबरतो! लग्नात आमच्या लोकांनी त्याला होडीत बसवला फोटोला, होडी वाळूवर होती, तरी हा काठ धरून बसला.”

“आणि कंपनीला नाही घाबरत?”

तिचं हसू गेलं. “घाबरतो ना. रोज घाबरतो. पन जातो. नाय गेला तर पोरांनी खायचं काय?” मग ती जवळ आली. “बाय, तुमचा तो पेपर झाला की कोनाकोनाला काढनार हायत, असं बोलतात. खरं का?”

पिशवी उचलून बाई निघाल्या. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, “पट्टीचं काम मोजणं. कापणं नाही.” पण आवाज तोच, खाली गेलेला.

कागद भरून झाले. गुण लावले. चाचणी करणाऱ्यानं आपलाही कागद भरायचा आणि इतरांतच धरायचा, असा बाईंचा हट्ट होता. निकाल असा: सगळ्यांत वर जनार्दन. दुसऱ्या नंबरावर बाई. सगळ्यांत खाली, प्रत्येक वाक्याला ‘कधीच नाही’, विलास.

“शून्य दोघांनाच मिळतं,” बाई विलासचा कागद लांब धरून म्हणाल्या. “शूराला आणि मढ्याला.”

दुसऱ्यांदा मोजायच्या आधीच साहेबांना घाई झाली. खरं-खोटं करायला भोंगा वाजवायचं ठरलं. गुरुवारी दुपारी, कोणालाही न सांगता, धोक्याचा भोंगा. हे फक्त साहेब, मी, सुरक्षा-अधिकारी आणि बाई यांना माहीत.

आता आमच्या भोंग्याचा इतिहास ऐका. भोंगा चालतो की नाही ते बघायला तो दर शनिवारी अकराला वाजवत. आणि कँटीनचा ठेकेदार शनिवारी बटाटेवडे करी. त्यानं आपली सोय बघितली. भोंगा झाला की वड्यांचा पहिला घाणा बाहेर. वर्षानुवर्षं. आमच्या माणसांच्या कानांत भोंगा आणि जिभेवर वडा एकदमच येई.

गुरुवारी बाई आणि मी प्लँटसमोरच्या व्हरांड्यात उभे होतो. भोंगा वाजला. माणसांनी माना वर केल्या. एकमेकांकडे बघितलं.

“अरे, आज शनवार हाय का?”

“नाय रे. पन वडे असतील. चल.”

आणि सगळी पाळी हातमोजे काढत, पाय ओढत, कँटीनकडे निघाली! विलास सगळ्यांत पुढे, ताट घ्यायला. साहेब आपल्या काचेतून बघत होते, त्यांचा चेहरा फुलला होता. पळाला फक्त एक. जनार्दननं वाफ बंद केली, पाणी सोडलं, एकदा मागे येऊन हात लावून बघितलं, आणि मग गेटाच्या दिशेनं असा सुटला की त्याची टोपी मागे राहिली.

मी हसून शेजारी बघितलं. शेजारी बाई नव्हत्या. भोंगा खोटा आहे हे माहीत असून बाई पळाल्या होत्या. निऱ्या एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात. मी गेटाबाहेर जमायच्या जागी पोचलो तेव्हा तिथल्या फलकाखाली दोघंच उभी होती, जनार्दन आणि बाई, धापा टाकत.

“किती वाटली?” बाई विचारत होत्या. “दहापैकी?”

“धा, बाई. तुमाला?”

“नऊ. खोटा होता तो, म्हणून एक कमी.”

केबिनमध्ये साहेबांनी पेन पुढे केलं. “मॅडम, अभिनंदन. पट्टी म्हणाली पहिला पळेल, पळाला. शेवटचा पळणार नाही, नाही पळाला. तुमचीच अट. करा सही.”

मी बाईंकडे बघितलं. आयुष्यभर आकड्याशी कधी खोटं न बोललेली बाई. सासवांच्या पट्टीनं हसं झालं, हट्टाची पट्टी अर्धवट जमली, आणि ही, शेवटची, भीतीची, अगदी काटेकोर खरी निघाली होती. चूक कुठे आहे हे त्यांनाही दिसत होतं, पण ती दाखवता येत नव्हती. वडे खायला गेलेला माणूस पळाला नाही, हे तर डोळ्यांनी दिसलं होतं. त्यांचा हात पेनाकडे गेला. आणि थांबला.

“दुसऱ्यांदा कागद भरून घ्यायचे राहिलेत,” त्या म्हणाल्या. “शनिवारी घेते. मग सही.”

“शनिवारी संध्याकाळी यादी माझ्या टेबलावर,” साहेब म्हणाले.

शनिवार उजाडला. बाई कँटीनमध्ये टेबलावर कागद मांडून बसल्या. मी मदतीला. बाईंचा चेहरा असा, की जणू कामावरून घरी त्याच जाणार आहेत. अकराला भोंगा झाला. थांबला. घाणा बाहेर आला, माणसं रांगेत लागली. जनार्दनची पाळी प्लँटवर होती. विलास वडा हातात घेऊन बाईंना चिडवत होता, “मॅडम, भागूबाईचा नंबर कितवा ओ? पहिला ना? मंग त्याची जागा मला द्या, दोन भांडी सांभाळीन मी!”

आणि भोंगा पुन्हा वाजला.

रांगेतून एक जण ओरडला, “दुसरा घाणा आला!” सगळे हसले. मीही हसलो. देवाशपथ सांगतो, त्या हसण्याची मला आजही भीती वाटते. कारण भोंगा थांबत नव्हता. शनिवारचा भोंगा थांबतो. हा थांबेना. माणसं हसत होती, वडे खात होती, आणि भोंगा आपला वाजतच होता. मग तळणाच्या वासाखालून दुसरा वास आला. तिखट, जुनी नाणी जिभेवर ठेवल्यासारखा. डोळ्यांत पाणी आलं. कँटीनच्या जाळीतून बघितलं, तर प्लँटकडून पांढरा धूर येत होता. वर जात नव्हता. जमिनीला धरून, गुडघ्याएवढा, सावकाश आमच्याकडे येत होता.

कोणी हललं नाही. सांगून पटणार नाही तुम्हांला. शंभर माणसं ताटं धरून त्या धुराकडे बघत उभी.

तेवढ्यात मागच्या दारातून जनार्दन आत आला. तोंडाला ओलं फडकं. “वारा इकडं हाय! मागच्या दारानं! समोर नका जाव, आडवे पळा, आडवे!” एवढं ओरडून तो खोकायला लागला. आणि मग कँटीन फुटलं. बाकं उलटी झाली. विलास जाळीच्या भिंतीवरून कसा गेला ते दिसलंच नाही, त्याचा एक बूट फक्त जाळीत अडकून राहिला.

मी बाईंचा हात धरला. बाई हलेनात. दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरून त्या खाली बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी, पिशवीत नॅपकिन, डोळे उघडे. “बाई, चला!” ऐकूच जात नव्हतं. पालीला पळणारी, खोट्या भोंग्याला पळणारी बाई खऱ्याला दगड झाली होती. मी ओढलं. टेबल सरकलं, बाई नाही. धूर दाराच्या उंबऱ्याशी आला होता.

“बाई, माज्याकडं बगा,” जनार्दन खाली बसला. “किती? धापैकी किती?”

बाईंचे ओठ हलले. “दहा.”

“माजे पन धा. चला.”

त्यानं एक हात सोडवला, मी दुसरा. आम्ही तिघं मागच्या दारानं निघालो, कुंपणाच्या कडेनं वाऱ्याला आडवे.

कारण साधं होतं, टाकीच्या पाइपाचा एक जोड सुटला होता. मुखवटे लावलेल्या माणसांनी तो तासाभरात बंद केला. माणसं खोकली, काहींना दवाखान्यात नेलं, डोळे धुतले, संध्याकाळी सोडलं. दगावलं कोणी नाही. जनार्दनचं भांडं? वाफ बंद, पाणी चालू. हात लावून बघितलेलं.

संध्याकाळी केबिनमध्ये साहेब, बाई, मी. साहेबांच्या हातात पाण्याचा तिसरा पेला होता. पण माणूस मोठा चिवट.

“मॅडम, झालं ते झालं. गुरुवारी पट्टी खरी ठरली आहे. यादी?”

“पहिला नंबर कोणाचा?” बाईंनी विचारलं.

“जनार्दन.”

“पट्टी म्हणाली पळेल. तो बाहेरून आत आला. दुसरा नंबर?”

साहेबांनी पेला टेबलावर ठेवला.

“माझा. पट्टी म्हणाली पळेल. मी टेबलाचा पाय सोडला नाही. शेवटचा नंबर?” साहेबांनी खिडकीतून जाळीकडे बघितलं. बूट अजून तिथेच होता. बाई उठून उभ्या राहिल्या. डोळे लाल, आवाज घोगरा, आणि चेहऱ्यावर हसू! “फाटली, साहेब! वरपासून खालपर्यंत फाटली. इतकी सुंदर पट्टी होती हो माझी. सही करत नाही.”

मग त्यांनी जनार्दनला बोलवायला लावलं. तो दारातच उभा राहिला. त्याला वाटलं, झालं, आपली वेळ आली.

“जनार्दन,” बाई म्हणाल्या, “तू बाहेर पोचला होतास. परत का आलास?”

“घाबरलो, बाई.”

“कशाला?”

“गुरवारी मी भायेर आलो, मागनं तुमी तरी आलात. आज मी उबा राहिलो, राहिलो, कोनच येईना. तुमी पन नाय. एकटाच. जाम घाबरलो.”

“स्वतःसाठी?”

जनार्दनला प्रश्न विचित्र वाटला असावा. “माज्यासाठी कशाला? मी भायेरच होतो की.”

बाईंनी टेबलावरचा आपला कागद ओढून घेतला आणि वाक्यं वाचत गेल्या. मला पालीची भीती वाटते. मला उंचीची भीती वाटते. मला अंधाराची. मला, मला, मला. कागद उलटा ठेवला. “एवढी माणसं धुंडाळली,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि अधिकारी, माझ्या कागदावर दुसरं माणूसच नाही.”

साहेबांनी घसा साफ केला. “जनार्दन, सोमवारी कुठली पाळी तुझी?”

“पयली, साहेब.”

“ये,” साहेब म्हणाले, आणि पाणी प्यायले.

बाहेर गेटावर रिक्षा यायला तयार नव्हत्या. साहेबांनी गाडी देऊ केली, बाईंनी ती घेतली नाही. जनार्दनची मोटारसायकल होती. नवापूरच्या माणसाला केळवं म्हणजे भलताच वळसा, पण तो म्हणाला सोडतो. बाई जन्मात मोटारसायकलवर बसल्या नव्हत्या. त्यांनी आधी वाऱ्याची पिशवी बघितली, का ते देव जाणे, मग डोळे मिटले, मागे बसल्या, आणि जनार्दनच्या सदऱ्याची दोन्ही टोकं मुठीत धरली. गाडी निघाली, बैलगाडीच्या वेगानं. समोरून टँकर आला.

कुंभवलीचा नाका येईपर्यंत ओरडणं ऐकू येत होतं. दोघांचंही.